जाळी आधी, माती नंतर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बागेचा आराखडा नीट पाहिला. सगळ्यांनी मिळून भाजी लावायची कल्पना मला मनापासून आवडली. एकच खटकलं. उंदरांचा विषय शेवटच्या ओळीत उरकलाय: ‘उंदीर आल्यास बंदोबस्त करू.’ उंदीर आल्यावर विषाशिवाय कोणाला काही सुचत नाही, आणि विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला की तेही दगावू शकतं. त्यामुळे बंदोबस्त आराखड्यातच करा.

अडचण अशी की मातीला जे मानवतं तेच उंदरालाही मानवतं. जाड आच्छादन, कंपोस्ट, दाट झुडपं, सगळंच. म्हणून यातलं काही सोडायचं नाही, फक्त आवरतं घ्यायचं.

बाबा, तुमच्या गुडघ्यांचा विचार करता वाफे ६० सेंटिमीटर उंच असू देत. रुंदी १२० सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोचेल. उंच वाफ्यात माती वाचवायला तळाशी फांद्या-ओंडके भरायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. ओंडक्यांमधल्या पोकळ्या म्हणजे आयती बिळं. वाफा भिंतीला टेकवूही नका. उंदीर भिंतीच्या कडेकडेने पळतो, उघड्यावर यायला बिचकतो. मध्ये ६० सेंटिमीटरचा खडीचा पट्टा मोकळा सोडा. तिथे कुंड्या, फळ्या, रिकामी पोती नकोत.

माती भरण्याआधी तळाला जाळी अंथरा. लहान उंदीर जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून शिरतो, म्हणून भोकं त्याहून मोठी नकोत. गॅल्वनाइज्ड वेल्डेड जाळीच घ्या. खुराड्याची षटकोनी जाळी चालणार नाही: भोकं मोठी, तार बारीक आणि लवकर गंजणारी. जाळीचे पट्टे एकमेकांवर १० सेंटिमीटर चढवून तारेने बांधा आणि कडा आतल्या बाजूने वर वळवून ठोका. जाळी फसते ती बहुतेक कोपऱ्यात आणि सांध्यात, मधे नाही. गांडुळं या भोकांतून आरामात ये-जा करतात, तेव्हा आई, तू त्यांची काळजी करू नकोस. कुंपणाची जाळी जमिनीत ३० सेंटिमीटर गाडून तळाशी बाहेरच्या बाजूला तेवढीच आडवी वळवा. उकरणारा प्राणी कुंपणाच्या पायथ्याशी सुरुवात करतो आणि त्याला आडवी जाळीच लागते.

कंपोस्टसाठी उघडा ढीग नको. झाकणाचा, फिरवता येणारा पिंप बरा. शिजलेलं अन्न, तेलकट, मांस-मासे आत टाकायचे नाहीत. ओल्या भाजीपाल्यावर दर वेळी सुक्या पानांचा थर द्या. कोरडा पडलेला, आठवडेच्या आठवडे न हलवलेला ढीग उंदरांना घरट्यासाठी फार आवडतो. ओलसर आणि दर आठवड्याला ढवळलेला ढीग नाही आवडत. झाडांभोवतीचं आच्छादन ५ सेंटिमीटरपुरतंच ठेवा, खोडापासून जरा लांब. गळका नळ दुरुस्त करा, पिकलेली नि पडलेली फळं संध्याकाळीच उचला. बियाणं पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिक ते कुरतडतात.

बीळ दिसलं तर लगेच बुजवू नका. तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवा. दोन-तीन दिवसांत तो बाहेर ढकलला गेला, तर आत वस्ती आहे. पिल्लं असतील तर आजूबाजूचं गवत कापून आडोसा काढा. उंदराची मादी बहुतेकदा पिल्लांना उचलून दुसरीकडे नेते. बोळा हलेनासा झाल्यावरच खडी-माती ठोकून बीळ बंद करा. चिकट पट्ट्या अजिबात नकोत, प्राणी तासन्‌तास तडफडतो. पिंजरा लावलाच तर सकाळ-संध्याकाळ बघावा लागतो. दूर सोडलेला उंदीर अनोळखी जागी फारसा तगतही नाही, आणि फट तशीच राहिली तर त्याच्या जागी दुसरा येतो. आवाजाच्या यंत्रांना उंदीर सरावतात. पुदिन्याच्या तेलाचा वास उडून जातो. दोन्हींवर खर्च करू नका.

साफसफाई मात्र हातमोजे घालूनच. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटांनी कागदाने उचला.

भिंतीकडच्या बाजूची लांबी मोजून कळवा, म्हणजे जाळी किती लागेल ते काढून देते.

तुमची,
छोटी