नदीकाठच्या दिव्यांबद्दल, नंदूला

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. ट्रायपॉड घेतलास, फार बरं केलंस. आता स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. आकाश काळंकुट्ट, दिवे पांढरे फटक आणि इमारती गायब, यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. तू उशिरा पोचलास.

नदीकाठचे चांगले ‘रात्रीचे’ फोटो बरेचदा रात्र पडण्याआधीच काढलेले असतात. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ८ अंश असताना आकाश गडद निळं होतं आणि त्याचा उजेड दिव्यांच्या तोडीचा असतो. विषुववृत्ताजवळ हा खेळ पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबतो. तेव्हा सूर्यास्ताआधीच जागा धर, दिसतंय तोवर पलीकडच्या काठावर फोकस लावून मॅन्युअलवर टाक, म्हणजे कॅमेरा तो स्वतःहून बदलणार नाही, आणि पुन्हा त्या रिंगला हात लावू नकोस.

आता पाणी. माझा जीव खरा त्यात. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी काळपट दिसतं. काठावर खाली उतरलं की नजर त्याला जवळजवळ समांतर होते आणि तेच पाणी कितीतरी जास्त प्रकाश परतवतं. (शेवटची पायरी मात्र सोड, शेवाळ असतं.) दिव्यांचे ते लांब खांब दिसतात ना, ते लाटांमुळे. प्रत्येक लाटेचा उतार दिव्याचा एकेक तुकडा आपल्याकडे फेकतो. शटर पाव सेकंद उघडं ठेवलं तर ते तुकडे सुटे दिसतात, ३० सेकंद ठेवलं तर सगळं काचेसारखं गुळगुळीत. लोकांना ती काच आवडते. मला नाही; नदी आहे की तळं, तेच कळत नाही. मी ४-५ सेकंदांवर थांबतो, प्रवाह थोडा तरी जाणवतो.

आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान) पासून सुरुवात कर. अंधार वाढून शटर १६ सेकंदांवर गेलं आणि दर वेळी तेवढं ताटकळायचं नसेल तर आधी आयएसओ ६४०० वर पाव सेकंदाचा फोटो काढून बघ. फोटो तेवढाच उजळ येतो, चौकट लगेच तपासता येते. दिव्यांना चांदणीसारखे किरण हवेत तर एफ/११. लेन्सच्या छिद्राची पाती ७ असतील तर किरण १४, ८ असतील तर ८च. एफ/१६ च्या पुढे गेलास तर सगळंच मऊ पडायला लागतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेव, तो नेमकी प्रतिबिंबंच खातो. स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद, टायमर २ सेकंदांचा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

नांगरलेल्या होड्या हलतातच, त्या अस्पष्ट येणार. चालती होडी आली तर उलट शटर जास्त वेळ उघडं ठेव: होडी दिसेनाशी होते, तिच्या दिव्याची रेघ तेवढी राहते.

पुढच्या वेळी एक कर. ट्रायपॉड जागचा न हलवता, सूर्यास्तापासून पूर्ण अंधार होईपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फोटो काढ आणि सगळे पाठव. निवडून चार पाठवलेस तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
बाळ्या