दादाच्या ॲपला पैसे देण्याआधी

आई, बाबा,
सा. न.

बाबा, दादाच्या ॲपसाठी एफडी मोडू नका. निदान आत्ता तरी नको. काल फोनवर मी एवढंच म्हटलं आणि तुम्ही एकदम गप्प झालात, मागून आईचा आवाज आला की पोरीला विचारायलाच नको होतं, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय. सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिच्या डोळ्यांचे थेंब चालू आहेत तोपर्यंत तिने मोबाईल हातात घ्यायचा नाहीये हे लक्षात असू द्या.

दादाची कल्पना वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. शेतकऱ्याने आपली केळीची बाग मोबाईलवर टाकायची, व्यापाऱ्यांनी बघून भाव बोलायचा, जो जास्त देईल त्याला माल, हे ऐकलं की रावेर-यावलकडचा कोणीही मान हलवेल. बोर्डावर जाहीर झालेला भाव एक आणि बांधावर हातात पडणारा दुसरा हे आपण वर्षानुवर्षं सोसलंय, दादाला त्याची चीड आहे आणि ती खरी आहे. पण लोक ते ॲप खरंच वापरतील का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही, दादाकडे नाही, १२ लाखांचं कोटेशन देणाऱ्या त्या कंपनीकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. उत्तर नसताना १२ लाख लावायचे, त्यातले ४ तुमच्या म्हातारपणाच्या पैशातून, हे मला मान्य नाही.

माझं काम नेमकं हेच आहे बाबा. गावात तुम्ही 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगता, ते बरोबरच आहे, पण आम्ही सॉफ्टवेअर बनवत नाही, बनवायच्या आधीचं काम करतो. कोणी येतो म्हणतो मला असं असं ॲप काढायचंय, किंवा चांगली चालू कंपनी असते तिला गोदामासाठी नवीन सॉफ्टवेअर हवं असतं, आम्ही त्यांच्यासोबत काही आठवडे बसतो, त्यांनी मनात काय काय गृहीत धरलंय ते एकेक काढून कागदावर मांडतो, आणि मग बघतो की यातली कुठली गोष्ट खोटी निघाली तर सगळंच कोसळेल. तीच आधी तपासायची, तीही सगळ्यात स्वस्तात. लोकांना हवंय का, बनवता येईल का, आणि त्यातून धंदा सुटेल का, असे तीन प्रश्न असतात. बहुतेक जण मधल्यापासून सुरुवात करतात, कारण प्रोग्रामर लगेच हो म्हणतो, आणि खरं सांगायचं तर आजकाल बनवता जवळपास सगळंच येतं. गाडी अडते ती पहिल्यावर आणि तिसऱ्यावर.

त्यानंतर नुसते स्क्रीन काढतो, बटण दाबलं की पुढचा स्क्रीन येतो पण आत काहीच नसतं, आणि ते खऱ्या माणसाच्या हातात देऊन शेजारी शांत बसतो, तो अडला तरी मदत करायची नाही, कुठे अडला ते लिहायचं. याकोब नील्सन नावाचे या विषयातले मोठे जाणकार आहेत, त्यांनी २००० साली लिहिलं की पाचच माणसांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात, आणि मला दर वेळी तसंच दिसतं, तिसऱ्या-चौथ्या माणसापासून त्याच त्या ठिकाणी बोट थांबतं. हे सगळं झाल्यावर मग लिहून द्यायचं की आधी काय बनवा, नंतर काय, खर्च किती. कधी कधी लिहून देतो की हे बनवू नका. तुम्ही एकदा विचारलं होतं ना, न बनवण्याचे पैसे कोण देतं? देतात बाबा. माती परीक्षणाचा रिपोर्ट आला आणि त्यात पालाश खत टाकायची गरज नाही असं निघालं तर तपासणीचे पैसे वाया गेले असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

आता दादाने काय काय गृहीत धरलंय ते बघू, त्याने पाठवलेला कागद मी दोनदा वाचला.

शेतकऱ्याला भाव कळत नाही, हे त्याचं पहिलं वाक्य. मला हे पटत नाही. नवती, पिलबाग, वापसी अशा प्रत्येक प्रकारच्या केळीला भाव किती, बऱ्हाणपूरच्या बाजारात काय निघाला, हे सगळं रोज व्हॉट्सॲपवर फिरतं आणि तुम्हाला तर माझ्याशी बोलायच्या आधीच माहीत असतं. भाव माहीत असूनही तो मिळत नाही, हे दुखणं आहे. भाव दाखवणारं ॲप त्यावर काय करणार?

मग तो म्हणतो की जो जास्त बोलेल त्याला शेतकरी माल देईल. सगळ्यात कच्चा धागा हाच आहे असं मला वाटतं. घड तयार झाला की तो थांबत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, अशा वेळी ज्याची टोळी सांगितल्या दिवशी कापायला येते, ज्याची गाडी लागते आणि ज्याच्याकडे पैसे बुडत नाहीत त्याला आपण माल देतो, क्विंटलमागे थोडे कमी मिळाले तरी. मागे एक नवा व्यापारी जास्त भाव घेऊन आपल्या बांधावर आला होता तेव्हा तुम्ही काय केलंत आठवतंय? चहा पाजला आणि माल नेहमीच्याच माणसाला दिला. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, तुमचं बरोबरच होतं, पण तुमच्यासारखा माणूस समोर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला जास्त भावातही माल देत नसेल तर मोबाईलवरच्या अनोळखी माणसाला कसा देईल, याचं उत्तर दादाला आधी शोधावं लागेल. कदाचित लोकांना भावाच्या बोलीपेक्षा पैशाची हमी हवी असेल, मग बनवायची वस्तूच बदलते.

आणि व्यापारी कशासाठी येतील? त्यांना काय मिळणार हे त्या कागदात कुठेच नाही. फोटोवरून घडाचं वजन कळत नाही, आत माल किती भरलाय कळत नाही, त्यांना बागेत यावंच लागणार. माझा अंदाज असा की त्यांची अडचण दुसरीच असेल, म्हणजे कुठल्या गावात कुठली बाग कधी कापायला येतेय हे आधी कळत नाही, मग एक गाडी भरायला चार ठिकाणी फिरावं लागतं. पण हा अंदाजच आहे, पाच-सहा व्यापाऱ्यांसोबत बसून विचारल्याशिवाय मी त्यावर एक रुपयाही लावू देणार नाही.

फोनचं तर विचारूच नका. बाग वडिलांच्या नावावर, मोबाईल नीट चालवणारा मुलगा पुण्याला किंवा नाशिकला. केळीच्या चिकाने हात काळे झालेले, दुपारचं ऊन, स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि ॲप विचारतंय लागवडीची तारीख टाका, खोडं किती ते टाका, तीन बाजूंनी फोटो काढा. हे कोण भरणार आहे, आपल्या घरात कोण भरेल?

म्हणून माझं म्हणणं असं की दादाने एक हंगाम ॲपशिवाय हाच धंदा करून बघावा. एक वही, एक फोन, एक व्हॉट्सॲप ग्रुप. आपल्या आणि शेजारच्या गावातले दहा शेतकरी घ्यायचे ज्यांच्या बागा आता कापणीला येतायत, चार व्यापारी घ्यायचे, माहिती स्वतः गोळा करायची, व्यापाऱ्यांना स्वतः फोन करायचे, बोली स्वतः लिहायची, आणि सौदा झाला की ठरलेलं थोडं कमिशन मागायचं. कमिशन मागायचंच, फुकट नाही, कारण फुकट असलं की सगळे छान म्हणतात, खिशात हात घालायची वेळ आली की खरं कळतं. एवढं करूनही सौदे झाले नाहीत तर ॲपनेही होणार नाहीत. आणि झाले, तर कुठे अडतं हे त्याला इतकं पाठ झालेलं असेल की १२ लाखांऐवजी बऱ्याच कमी पैशात फक्त तेवढाच तुकडा बनवून घेता येईल.

हे मी आपल्या गावापुरतं स्वस्तातलं काहीतरी सांगतेय असं दादाला वाटू देऊ नका. अमेरिकेत १९९९ साली निक स्विनमर्न नावाच्या माणसाला इंटरनेटवर बूट विकायचे होते, त्याने माल भरला नाही, गोदाम घेतलं नाही, गावातल्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले आणि साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून तो जोड विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. अशा सौद्यात कमाई कसली, पण पायात न घालता लोक बूट मागवतात हे त्याला कळलं. पुढे तीच झॅपोस कंपनी २००९ मध्ये ॲमेझॉनने घेतली. जेफ हॉकिन्सने तर पामपायलट हे खिशातलं यंत्र बाजारात यायच्या आधी तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून फिरवला, काम पडलं की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहितोय असं करायचं, म्हणजे अशी वस्तू जवळ असली तर आपण ती खरंच वापरू का हे आधी बघितलं. उलटं उदाहरण क्विबीचं, मोबाईलवर छोटे व्हिडिओ दाखवणार होते, तब्बल १७५ कोटी डॉलर जमवले, एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं आणि त्याच डिसेंबरमध्ये बंद. पैसा, मोठी नावं, सगळं होतं. पैसे देऊन बघावं असं पुरेशा लोकांना वाटलं नाही.

दादा म्हणून राहिला ना की अमळनेरमधून विप्रो निघू शकते तर आपल्याकडून का नाही. अगदी बरोबर बोलतो, मलाही त्याचा फार अभिमान आहे. पण १९४५ साली अमळनेरात सुरू झाली ती वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, वनस्पती तूप बनवणारी, म्हणजे जी वस्तू लोक दुकानातून आधीच नेत होते ती. कॉम्प्युटरकडे ते वळले १९८० च्या आसपास, आयबीएम ही अमेरिकन कॉम्प्युटर कंपनी देशातून गेल्यावर, जेव्हा इथल्या कंपन्यांना मशीन हवं होतं आणि द्यायला फारसं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक आधी दिसलं होतं. दादाला हे नक्की सांगा, त्याला आवडेल.

त्या कोटेशनबद्दल दोन गोष्टी. त्यात फक्त बनवण्याचा खर्च आहे, नंतरचा सर्व्हर, ओटीपीचे मेसेज, दुरुस्त्या, अँड्रॉइडची नवीन आवृत्ती आली की परत बदल, हा खर्च दर वर्षी चालूच राहतो आणि तो कुठेही लिहिलेला नाही. दुसरं, सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्यातून बनतं तो मूळ प्रोग्राम, कोणाच्या मालकीचा हे लिहिलेलं नाही. उद्या बनवायचं ठरलंच तर कोड, डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि प्ले स्टोअरचं खातं तिन्ही दादाच्या नावावर हवेत, प्ले स्टोअरचं खातं तर २५ डॉलरात एकदाच काढावं लागतं, ते दुसऱ्याच्या नावावर ठेवायचं काही कारण नाही. सही करायच्या आधी करार मला पाठवायला सांगा.

आता तुमच्याकडून मदत हवीये. बाबा, सावदा-फैजपूरकडे तुम्हाला मानणारी माणसं आहेत, ती तुमच्याशी जशी बोलतील तशी माझ्याशी किंवा दादाशी बोलणार नाहीत. त्यांना असं विचारू नका की असं ॲप आलं तर वापराल का, ते तुमचं मन राखायला हो म्हणतील, तुम्हीही दादाला तसंच हो म्हणालात कारण तो आपला आहे. मागच्या वेळी माल कोणाला दिला, का दिला, त्या दिवशी बोर्डावर भाव काय होता, हातात काय पडला, पैसे किती दिवसांनी आले, मध्ये काय कटकट झाली, एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. ॲपचं नाव शेवटपर्यंत काढू नका.

आणि आई, तुझी हिशोबाची वही. तुला वाटतं त्यात काही नाही, पण कुठल्या वर्षी कांदेबागेची केळी कोणाला दिली, गाडी कोणत्या तारखेला गेली, वजन काय भरलं, पैसे कधी आले, सगळं तुझ्या अक्षरात आहे. एवढी चांगली माहिती मला मोठ्या मोठ्या कंपन्यांकडे मिळत नाही. बाबांना सांग मागच्या पाच-सहा वर्षांच्या पानांचे फोटो काढून मला पाठवायला, पान सरळ धरून, सावलीत.

दादाला नाही म्हणायचं नाहीये, त्याला वाईट वाटेल असंही काही बोलू नका. हंगामभराचं पेट्रोल आणि फोनचा खर्च मी देते, दर रविवारी त्याच्यासोबत फोनवर बसून वहीतले सौदे बघेन, माझ्याच घरातल्या माणसासाठी नाही करायचं तर कोणासाठी. एफडीचं पुढच्या हंगामानंतर बोलू, तोवर तिला हात लावू नका, गुडघ्याचं ऑपरेशन आधी आहे.

बीपीची गोळी सकाळचीच, विसरलात तर रात्री दोन घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितलंय. येत्या शनिवारी संध्याकाळी फोन करते, दादालाही घरी बोलवून ठेवा.

तुमची लेक