ऑस्टिनचा पांढरा आयरिस

महोदय,

मी सध्या मुलाकडे टेक्ससमधील ऑस्टिनला असते. इथल्या जुन्या वस्त्यांत वसंताच्या तोंडावर कुंपणालगत, दफनभूमीत एक पांढराशुभ्र आयरिस (गड्ड्यापासून वाढणारं फुलझाड) फुलतो. कित्येक घरी तो आजेसासूच्या काळापासून आहे, पण नाव कुणाला सांगता येत नाही. काहीजण त्याला 'फ्लोरेंटिना' (आयरिसचाच दुसरा प्रकार) म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. फ्लोरेंटिनाच्या दांड्याला फांद्या फुटतात, फुलावर फिकट निळसर झाक असते. शेजारणीच्या अंगणातल्या दांड्याला एकही फांदी नाही. शेंड्याच्या फुलाखालची कळी थेट दांड्यालाच चिकटलेली, तिच्याभोवतीचं आवरण हिरवं, रुंद. पानांच्या टोकाला किंचित पीळ. ही लक्षणं आयरिस अल्बिकान्सची.

हा मूळचा अरबस्तानातला. मुसलमान लोक तो कबरींवर लावत आले, तसा तो भूमध्य समुद्राकाठी पोचला. तो बी धरत नाही. म्हणजे इथला प्रत्येक गड्डा कुणीतरी कुणाला तरी हाताने दिलेला आहे! म्हणूनच जुनं घर पाडताना तो जेसीबीखाली गेला की जीव तुटतो.

इकडे जुनी घरं घेणाऱ्या मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती: खोदकामाआधी गड्डे काढून ठेवा. ओळख पटवायची तर नुसत्या फुलाचा फोटो पुरत नाही. अख्खा दांडा, कळीचं आवरण आणि पानंही टिपा. पुन्हा लावताना गड्ड्याची पाठ मातीवर उघडी राहू द्या, नाहीतर तो कुजतो.

– एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, ऑस्टिन (मूळ सातारा)