विमान उडवण्याआधी इंधन भरायला शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी मॉडेल विमानांची शिबिरं भरतात. त्यांच्या जाहिराती छापून आल्या की मला मनापासून आनंद होतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. १९७८ साली एनसीसीच्या एअर विंगमध्ये पहिलं कंट्रोल लाइन विमान, म्हणजे हातातल्या तारांना बांधून गोल फिरवायचं विमान उडवलं, तेव्हा लागलेला हा नाद आजही सुटलेला नाही. शिबिरं घेणाऱ्यांना आणि पालकांना एक कळकळीची विनंती करायची आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी अशाच एका शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी मैदानावर गेलो होतो. नववीतल्या एका मुलाच्या विमानाला साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगवर, मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) होतं. जमिनीवर ते छान चालायचं. विमान वर गेलं की मिनिटभरात आवाज चढायचा, चिरका व्हायचा आणि इंजिन बंद पडायचं. दोनदा कसंबसं उतरवलं, तिसऱ्यांदा विमान बाभळीत गेलं. "इंजिन गेलंय, नवीन घ्यावं लागेल," असं त्या मुलाला सांगण्यात आलं.

मी त्याच्याकडून विमान मागून घेतलं. टाकी आणि कार्बोरेटर यांच्या मधल्या नळीवर सुपारीएवढं फिल्टर होतं, ते उघडलं. आतल्या पितळी जाळीचं टाकीकडचं अंग लखलखीत होतं. इंजिनाकडच्या अंगाला मात्र रबराचा चुरा, कापडाचा एक तंतू आणि तेलाचा काळपट चिकटा. कचरा असायला हवा टाकीच्या बाजूला, आणि होता नेमका उलट्या बाजूला.

कारण विचारल्यावर लगेच कळलं. कार्बोरेटरची नळी काढायची, तीच पंपाला लावायची आणि टाकी भरायची, असं त्या मुलांना शिकवलं होतं. म्हणजे इंधन भरताना ते फिल्टरमधून उलटं जाणार. कॅनमधला कचरा जाळीच्या इंजिनाकडच्या अंगाला अडकणार, आणि नळी परत जोडून इंजिन सुरू केलं की तोच कचरा थेट कार्बोरेटरमधल्या, इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईपाशी ओढला जाणार. सुईच्या टोकाशी इंधनाला जायला केसभर फट असते. तिथे एक तंतू अडकला तरी पुरे.

यात इंजिनाचं किती नुकसान होतं, ते नीट सांगायला हवं. या इंजिनांना मोटारीसारखं वेगळं ऑइल नसतं. इंधनात साधारण सत्तर-ऐंशी टक्के मिथेनॉल, वीसेक टक्के एरंडेल किंवा तत्सम तेल आणि कधी थोडं नायट्रोमिथेन असतं. पिस्टनला मिळणारं वंगण इंधनाबरोबरच येतं. इंधन कमी पडलं की तेलही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन कोरडा घासायला लागतो. मग खरोखरच नवीन इंजिन घ्यावं लागतं.

उपाय दहा मिनिटांचा आहे. टाकीच्या बुचातून एक नळी कार्बोरेटरकडे आणि एक सायलेन्सरकडे जाते; तिथे तिसरी नळी बसवायची, ती फक्त भरण्यासाठी. भरून झालं की तिला गुडदी लावायची. एक फिल्टर कॅनच्या पंपाच्या नळीवर आणि दुसरं टाकी व कार्बोरेटर यांच्या मध्ये, म्हणजे दोन्हीकडे इंधन एकाच दिशेने वाहतं. टाकी भरल्यावर सायलेन्सरकडच्या नळीतून जे इंधन सांडतं, ते कॅनमध्ये परत ओतायचं नाही. त्यात सायलेन्सरमधली काजळी आलेली असते. फिल्टरचा आटा सैल असेल तर तिथून हवा शिरते आणि नळीत बुडबुडे दिसतात. असं गळकं फिल्टर असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आणि तो रबराचा चुरा? पितळी नळी कापल्यावर तिच्या तोंडाला धार राहते. तिच्यावर सिलिकॉनची नळी दाबून चढवली की आतून बारीक साल निघते. माझ्या विद्यार्थ्यांना मी नळीचं तोंड कानशीने घासून, बोट फिरवून दाखवायला लावत असे. बोटाला खरखर लागली की पुन्हा घासायचं. आम्ही एनसीसीत पत्र्याच्या टाक्या स्वतः सोल्डर करायचो. कंट्रोल लाइनचं विमान गोल फिरतं, त्यामुळे इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकलं जातं. म्हणून ओढणारी नळी त्या कोपऱ्यात ठेवावी लागते. सोल्डरचे सुटे मणी आणि फ्लक्सही त्याच कोपऱ्यात जमायचे. टाकी कानाशी धरून हलवायची आणि आतून आवाज आला की पुन्हा गरम पाण्याने धुवायची, हा तेव्हाचा शिरस्ता होता.

पण त्या दिवशी सगळ्यात जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीने. इंधन पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून झाडाखाली ठेवलं होतं, मुलांच्या डब्यांशेजारी. मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं दगावली, ती याच मिथेनॉलमुळे. उन्हात खेळून आलेलं मूल बाटली उचलताना वास घेत बसत नाही. इंधन त्याच्याच कॅनमध्ये हवं, त्यावर मराठीत ठळक 'विष' लिहिलेलं हवं आणि कॅन मोठ्या माणसाच्या ताब्यात हवा. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात तो गाडीच्या डिकीतही ठेवू नये.

मिथेनॉलची ज्वाला भर दुपारी दिसत नाही, हेही मुलांना कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हातातली चिंधी एकदा कडेने काळी पडून आकसायला लागली. ज्वाला नाही, धूर नाही. बोटांना चटका बसल्यावर त्याने ती टाकली. पाण्याची बादली शेजारीच होती म्हणून बरं झालं. इंधन भरतात तिथे भरलेली बादली असल्याशिवाय मी आजही कॅन उघडू देत नाही.

त्या नववीतल्या मुलाचं इंजिन आम्ही दोघांनी घरी खोलून धुतलं आणि टाकीला तिसरी नळी बसवली. पुढच्या रविवारी विमान दहा मिनिटं उडालं आणि टाकीत इंधन शिल्लक असताना त्याने ते स्वतः उतरवलं.

माझी विनंती एवढीच, की शिबिराच्या पहिल्या दिवशी विमान हातात देण्याआधी दोन तास इंधन, गाळणी आणि टाकी यांसाठी ठेवा. नागपूर परिसरात कुणी बोलावलं तर मी माझा पंप, टाक्या आणि फिल्टर घेऊन स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, नागपूर