कुकरमधले बारा चेंडू

सातारा
रविवार, १५ जून

प्रिय सुऱ्या,

चेंडूंसाठी केलेल्या पाइपची कॅप उडाली हे ऐकून फोनवर तू मला जे झापलंस ते सगळं मान्य. पण झापून तू फोन ठेवलास आणि पुढची गोष्ट राहूनच गेली, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला बसलो असतो तर दर वाक्याला "अरे पण" म्हणाला असतास. कागदावर तुला ते करता येणार नाही.

सुरुवात झाली ती गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर. टेनिसच्या चेंडूंचा साडेचारशेचा नवा डबा फोडला, एक सेट झाला आणि पाऊस आला. चेंडू पुसून डब्यात घातले, प्लॅस्टिकचं झाकण लावलं आणि कपाटात ठेवून दिले. तीन आठवड्यांनी उघडीप मिळाली, कोर्ट वाळलं, तर तिन्ही चेंडू मेलेले. लोकर नवीकोरी, छापलेली अक्षरंसुद्धा स्पष्ट, आणि टप्पा मात्र बटाट्यासारखा. एका सेटमध्ये चेंडू मरतो कसा? इतकी वर्षं खेळतोय, पण तोवर मी असं धरून चाललो होतो की आपल्या फटक्यांनी चेंडू दमतो. फटक्यांनी लोकर जाते, रबरही मऊ पडतं, ते खरं. पण हे तीन चेंडू मारून मेले नव्हते, डबा उघडल्यामुळे मेले होते.

तुला दाबाचं मी शिकवायला नको, तरी माझ्या भाषेत लिहितो. चेंडूच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण १४ पीएसआय (चौरस इंचाला १४ पौंड) जास्त दाब असतो, म्हणजे तुमच्या कारखान्याच्या हिशेबात जवळजवळ एक केजी, चौरस सेंमीला एक किलो. सीलबंद डब्यातही तेवढाच. त्यामुळे डब्यात असेपर्यंत आतली हवा बाहेर निघायचं नाव घेत नाही. जाणार कुठे, बाहेरही तेवढीच गर्दी. टॅब ओढल्यावर जे फस्स होतं, त्या क्षणी ती गर्दी पांगते आणि चेंडूतली हवा रबरातून वाट काढायला लागते. भोक वगैरे काही नसतं. आपल्याला रबर घट्ट दिसतं, हवेला ते मांजरपाटासारखं. आणि ते प्लॅस्टिकचं झाकण फक्त धुळीपुरतं, त्याच्याकडून हवेची राखण होत नाही.

विंबल्डनला ही अडचणच नाही. तिथे पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात, शिवाय २० अंशांवर सांभाळून ठेवतात. आपण चौघं एक डबा दोन महिने पुरवणारे. बिनदाबाचे चेंडूही मिळतात, जाड रबराचे, वर्षभर टप्पा देतात. मी एक आठवडा खेळून बघितले. हाताला लाकूड लागतं. ते मशीनवर सराव करणाऱ्या पोरांना ठीक.

मग डोक्यात आलं की डब्यातली गर्दी परत जमवली तर? रोज खेळून झालं की चेंडू पुन्हा १४ पीएसआयमध्ये नेऊन ठेवायचे. जगभरात लोक घरी पाइपचे तुकडे घेऊन हेच करतात. बरं, दाब थोडा जास्त ठेवला तर हवा ज्या वाटेने बाहेर आली त्याच वाटेने आत जाते, म्हणजे मेलेला चेंडूही सावकाश उठून बसतो. सावकाश म्हणजे आठवडे.

त्याआधी मोजायची सोय केली. नियम असा की चेंडू २५४ सेंमीवरून टणक जमिनीवर सोडला तर उसळी १३५ ते १४७ सेंमीच्या आत हवी. खालच्या जिन्याच्या भिंतीला ओळंबा लावून खडूने रेघा मारल्या. वर मी चेंडू धरून, खाली कोब्यावर चिनू पालथी पडून मोबाइलने शूटिंग करतेय. नवा चेंडू १४०. तीन आठवड्यांचा तो बटाटा १२३. भिंतीवरच्या रेघा अजून आहेत, हिने दिवाळीची मुदत दिली आहे.

आता पाइप. आधी अडीच इंची आणला, ७५ मिमीचा, सहा केजी दाबाचा. चेंडू साधारण ६६-६७ मिमीचा, पाइपची जाडी वजा केली तरी बसायला हवा. बसलाही. बाहेर यायला तयार होईना. लोकर आतल्या भिंतीला अशी घासायची की तिसरा चेंडू मी लाटण्याने ठोकून काढला. (लाटण्याचं घरात सांगितलेलं नाही.) मग तीन इंची आणला, ९०चा. दुकानदाराने विचारलं, "बोअरला का?" मी म्हटलं, "चेंडूला." त्याने पुढे काही विचारलं नाही. एका टोकाला एंड कॅप, म्हणजे पाइपचं टोपण, चिकटवायचं सोल्युशन लावून कायमची बसवली, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण, टेफलॉन गुंडाळून. कॅपच्या मधोमध भोक पाडून पंक्चरवाल्याकडून आणलेला ट्यूबलेसचा वाल ओढून बसवला. (वाल म्हटल्यावर तुला बिरडं आठवणार. तू शेवटी कोकणातलाच, जळगावात कितीही वर्षं काढ.) सायकलच्या पंपाने हवा भरली, बादलीत बुडवून बुडबुडे बघितले, एका ठिकाणी गळत होतं तिथे परत सोल्युशन चोपडलं.

इथे मी घाई केली. एक तर ते दुसऱ्यांदा लावलेलं सोल्युशन रात्रभरही वाळू दिलं नाही. दुसरं, पंपाचा काटा १६० पर्यंतचा, त्यात १४ म्हणजे काटा जागचा हलला की नाही एवढाच फरक, म्हणून अंदाजाने "असू दे थोडं जास्त" करत गेलो. पुढे टायरवाल्याच्या गेजवर तो अंदाज लावून बघितला, तर २८ निघाले. आणि तिसरं म्हणजे नळकांडं गच्चीवर ठेवलं. मे महिना, दुपारचे दोन.

आवाज झाला तेव्हा मी खाली जेवत होतो. शेजारच्यांना वाटलं सिलिंडर. वर गेलो तर कॅप निघून टाकीच्या शेडच्या पत्र्यावर आदळलेली, पत्र्याला वाटीएवढा खड्डा, आणि चेंडू एकेक करून जिन्यावरून टप्पे घेत खाली येत होते. टप्पा चांगला होता, हे त्याही अवस्थेत माझ्या लक्षात आलं.

मग कागद घेऊन बसलो. कॅपचं आतलं क्षेत्रफळ साधारण ५३ चौरस सेंमी. एक केजी दाबाला तिच्यावर ५३ किलो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. माझे होते दोन केजी. दोन गोण्या आतून ढकलतायत आणि मी ते नळकांडं भरताना गुडघ्यात धरून बसलो होतो. तू फोनवर ओरडलास तेही हेच, की पाइपवरचा सहा केजी हा आकडा पाण्यासाठी आणि २७ अंशांसाठी, हवेसाठी नाही. पाणी दबत नाही, म्हणून पाइप फुटला तर चूळ टाकतं आणि गप्प बसतं. हवा स्प्रिंगसारखी दबून बसते आणि फुटताना तुकडे घेऊन सुटते. तुमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे सांगतात म्हणालास. मला छपन्नाव्या वर्षी सांगावं लागलं. नळकांडं भंगारात दिलं, वाल काढून ठेवला.

आता पुढची गोष्ट, जी तू ऐकलीच नाहीस. त्याच रात्री ओट्यावर वरणाची शिट्टी झाली आणि मी हातातलं ताट घेऊन तसाच उभा राहिलो. अरे, कुकरची शिट्टी किती दाबाला उचलते? १५ पीएसआयला. एक केजीला. म्हणजे चेंडूच्या डब्याचा जो दाब, बरोबर तोच दाब या देशातल्या घराघरात रोज दोन वेळा तयार होतो, आणि मी पाइपला भोकं पाडत बसलो होतो.

माळ्यावर आईचा जुना पाच लिटरचा कुकर होता, आतल्या झाकणाचा. हे आतलं झाकण फार हुशारीचं काम आहे. दाब असेपर्यंत तो दाबच झाकण कडेला चेपून धरतो, तुम्ही मनात आणलं तरी उघडत नाही. माझ्यासारख्या माणसाला असंच झाकण पाहिजे. सेफ्टी वॉल्व्ह काढला आणि त्या भोकात जपून ठेवलेला वाल बसवला, दोन्हीकडून वायसर. (कुकर आता गॅसवर कधीच चढायचा नाही. हँडलला लाल रंग फासलाय आणि शेगडीपासून चार हात लांब, माझ्या खोलीत ठेवलाय.) नवी रिंग घातली. शिट्टी जागेवरच ठेवली, फक्त तिच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबचा टिकलीएवढा तुकडा, कारण नुसती शिट्टी थंड हवा झिरपू देते.

पंप मारायला लागलो. साबणाचं पाणी रिंगभोवती सोडलं होतं, तिथे सुरुवातीला फेस आला, मग झाकण वर चेपलं गेलं तसा बंद झाला. पंचवीस-तीस दट्ट्यांनंतर हात जड यायला लागला आणि शिट्टी उचलली. वाफ नाही, पाणी नाही, नुसती कोरडी फुस्स, आणि खाली बसली. पुन्हा दट्ट्या, पुन्हा फुस्स. गेज लागत नाही आणि चुकून जास्त भरायची सोयच नाही. आई दारातून बघत होती. म्हणाली, "किती शिट्ट्यांत शिजतात?"

बारा चेंडू मावतात. आठवड्यात थोडी हवा उतरतेच, ती रविवारी सायकलीत भरावी तशी भरतो. एप्रिल संपताना फोडलेले तीन चेंडू आधी पाइपमध्ये होते, मग कुकरमध्ये. काल जिन्यात टाकून बघितले, १३८, १३७, १३६. तो बटाटा मात्र कुकरमध्ये फारसा वर आला नाही, अजून १२९वर अडलाय. १५च्या गर्दीत राहून तो १५पर्यंत सरकायला वेळ घेणार हे उघड आहे. पाइपमध्ये तो लवकर उठला असता, पण त्याच्यासाठी मी पुन्हा दोन गोण्या गुडघ्यात धरणार नाही.

वाचताना एक गंमत सापडली. पूर्वी काही कारखान्यांत चेंडूचे दोन अर्धगोल चिकटवताना आत सोडियम नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड टाकायचे. साच्यात तापलं की आतल्या आत नायट्रोजन तयार होऊन चेंडू फुगायचा. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर निसटतो, त्यामुळे नुसता नायट्रोजन भरणं शहाणपणाचंच. आपल्याकडे पेट्रोलपंपावर नायट्रोजनची हवा मिळते. कुकर काखेत मारून तिथे जायचा विचार आला होता. हिने बघितलं फक्त, काही बोलली नाही, मी गेलो नाही.

लोकर गेलेल्या चेंडूला यातलं काही लागू नाही. गुळगुळीत चेंडू दाब असला तरी सुसाट सुटतो, सर्व्ह कोर्टात राहत नाही. ते गल्लीतली पोरं क्रिकेटला नेतात. पण हल्ली त्यांची तक्रार आहे की काकांचे चेंडू फार उसळतात, बॉल सारखा गटारात जातो.

पावसाळ्यानंतर सुट्टी काढून ये. तुझा बॅकहँड अजून तसाच असेल तर चेंडूचं काही बिघडत नाही, नेटमध्येच जाणार. वहिनींना नमस्कार, आणि येताना केळ्यांचे वेफर्स.

तुझा,
विन्या

ता. क. : पत्र पाकिटात घालेपर्यंत घरच्या कुकरची रिंग फाटली. दोन्ही कुकर एकाच मापाचे. आत्ता बाराही चेंडू परातीत उघडे पडलेत आणि माझी रिंग लावून आत वरणाच्या शिट्ट्या चालू आहेत. दुसरी झाली आत्ता. दुकान उद्या दहाला उघडतं.