चिऊचं चित्र झालं बघ

सोलापूर, रविवार दुपार

बाळ्या,

तुझ्या लेकीचं, चिऊचं चित्र झालं एकदाचं. तसं काल रात्रीच झालं होतं, पण ट्यूबलाइटखाली तपकिरी रंग फसवतात, म्हणून आज सकाळी गच्चीच्या दाराशी उजेडात धरून नीट बघितलं आणि मगच लिहायला बसलो. फोन केला असता, पण यातली एक गोष्ट फोनवर धड बोलता येणार नाही असं वाटलं, म्हणून पत्र. लांबलं तर लांबू दे.

फोटो कुठला घेतला सांगतो. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आला होतात ना, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तिला चपचपीत तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या आणि ती खणाचं परकर-पोलकं घालून उंबऱ्यावर बसलेली, हातात तिळगुळाची वडी. तो. तू पाठवलेले फ्लॅशचे फोटो वापरले नाहीत बघ, फ्लॅशने तोंड सपाट होतं, सावलीच उरत नाही, आणि सावली नसली तर पेन्सिलीने करायचं काय बे? हा मी जमिनीवर बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढला होता, एका बाजूने दारातला उजेड आणि दुसरा गाल अंधारात.

पहिलं चित्र साध्या ड्रॉइंग शीटवर केलं आणि ते फसलं. डोळे बरोबर डोक्याच्या मध्यावर घेतले, मोठ्या माणसाचे असतात तसे, आणि आपली सहा वर्षांची पोर पंधराची दिसायला लागली. लहान मुलांचं कपाळ मोठं असतं रे, डोळे मध्याच्या थोडे खालीच येतात, नाक आखूड, हनुवटी बारकी, आणि डोळ्यातलं बुबुळ चेहऱ्याच्या मानाने मोठं. हे सगळं मला पाठ आहे, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेपासून, तरी हात सवयीने मोठ्या माणसाकडेच जातो. शिवाय नाकाला आणि ओठांना कडेने रेघ मारली होती. मुलांच्या चेहऱ्यावर रेघ नसतेच, एक रंग हळूच दुसऱ्यात जातो, बस.

मग अप्पांची पद्धत धरली. तुला आठवत असेल, अप्पा चादरीच्या कारखान्यात ग्राफवर नक्षी काढायचे, आपण शाळेतून आलो की ते ग्राफपेपरवर वाकलेले असायचे, चौकोन मोजत, आणि आपण मधे बोललो की बोट त्या चौकोनावर दाबून धरायचे म्हणजे मोजणी चुकू नये. तशीच फोटोच्या प्रिंटवर दोन-दोन सेंटिमीटरची चौकट आखली, तेवढीच रफ कागदावर, आणि एकेका घरात काय येतं तेवढंच बघत गेलो. डोळा काढतोय हे मनातच आणायचं नाही, या घरात काळी वळणदार जागा किती, तेवढंच. मग तो रफ कागद खिडकीच्या काचेवर लावून, वर चांगला जाड कागद ठेवून फिकट तपकिरी पेन्सिलीने उतरवलं. साध्या शिसपेन्सिलीने उतरवायचं नाही, शिसं रंगात मिसळतं आणि कातडी मळकट राखाडी होते. ३०० जीएसएमचा जाड कागदही आरपार दिसतो, फक्त ऊन चांगलं लागतं, आणि उन्हाला सोलापुरात काय तोटा.

आता ती गोष्ट. तुला किंवा वहिनींना ती बोलली का माहीत नाही. त्या सकाळी मी पेन्सिलींचा डबा उघडला तर तिने गुलाबट फिकी पेन्सिल उचलली आणि म्हणाली, काका ही स्किन कलर. मग स्वतःच्या हातावर धरून बघितली. म्हणाली, शाळेत हीच वापरायला सांगतात, पण माझी स्किन अशी नाहीये, माझी चुकलीये का. एवढं बोलून ती पतंग बघायला गच्चीत पळाली सुद्धा. मी तिथेच बसून राहिलो रे. सहा वर्षांचं पोर असं बोलतं.

आणि खरं सांगू, पहिल्या चित्रात मीही तेच केलं होतं. तिला उजळ काढलं होतं, नकळत. शेजारच्या एक जण बघायला आल्या तर त्याही म्हणाल्या, अजून जरा गोरी घ्या ना, लेकीचं चित्र आहे. त्या दिवशी तो कागद फाडून टाकला. चिऊ तुझ्या आईसारखी सावळी आहे, तो रंग तिला शोभतो, आणि तो मला जसाच्या तसा पाहिजे होता.

हा रंग डब्यात मिळत नाही, बसवावा लागतो. माझ्याकडे पॉलीक्रोमोसच्या ३६ रंगपेन्सिली होत्या, बाकी लागतील तशा सुट्या मागवल्या. त्या तेलाच्या असतात. मेणाच्या मऊ पेन्सिलींनी खूप थर दिले की काही दिवसांनी वर पांढुरकी साय धरते, म्हणून त्या टाळल्या. आधी सगळ्या चेहऱ्यावर क्रीम, अगदी हलक्या हाताने, कागदाचा दाणा बुजता कामा नये. त्यावर सिनॅमन, मग बर्न्ट ऑकर, गालावर आणि कानाच्या पाळीला लालसर सँग्विन, सावलीत बर्न्ट सिएना, मग वॉलनट ब्राउन, आणि अंधारातल्या गालाला थोडा डार्क इंडिगो. हो, निळा. काळा लावला की कातडी मेल्यासारखी दिसते, निळ्याने सावली थंड होते आणि खालचं तपकिरी जिवंत राहतं. हनुवटीच्या खाली बघ, तिथे लालसर झाक दिसेल. ती चूक नाही, पोलक्याचा लाल रंग उजेडाने वर चढलाय. असे आठ-दहा थर झालेत, रोज कामावरून आल्यावर एखादा तास, आणि रंग जुळवायचं काम फक्त रविवारी दिवसा.

केसांचं थोडक्यात सांगतो. तेल लावलेल्या काळ्या केसांवरची चमक पांढरी नसते, आभाळाची निळसर असते. कपाळावर उडणारे बारीक केस रिफिल संपलेल्या बॉलपेनने आधीच कागदात दाबून घेतले होते, वरून रंग फिरवला की ती खाच कोरीच राहते. आणि पुढचा पडलेला दात तसाच ठेवलाय, वहिनी म्हणतील भरून टाका, पण नाही. ती फट पण काळी नाहीये, गडद लालसर तपकिरी आहे. पुढच्या गड्ड्यापर्यंत तिथे दात आलेला असेल.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नको, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांग. हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नको, ऊन लागून गुलाबी आणि लाल आधी उडतात.

सोबत एक बारकी पट्टी ठेवलीय, त्याच कागदाची. तिच्यावर मी वापरलेल्या सगळ्या पेन्सिलींचे चौकोन आहेत, खाली नावं मराठीत लिहिलीत, आणि शेवटच्या चौकोनात सगळे एकावर एक. चित्र नंतर उघड. आधी ही पट्टी चिऊच्या हातात दे, शेवटचा चौकोन तिला मनगटाजवळ धरायला सांग, दिवसा, खिडकीत. आणि ती काय म्हणते ते मला त्याच दिवशी कळव, विसरू नको.

शेंगाचटणी वेगळ्या पिशवीत आहे, चित्राच्या नळीत तेल लागायला नको म्हणून. काकू परवा भेटल्या, बऱ्या आहेत, गुडघा तेवढा दुखतोय.

तुझा,
गुंड्या