अर्धवट राहिलेले हेडर

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बिल्डला, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायला, चाळीस मिनिटे लागतात, आणि आता ही कामे चालवणाऱ्या 'मेक' या साधनाला 'जे ८' हा पर्याय सांगून आठ कामे एकदम चालवण्याचा तुझा बेत आहे, असे तू लिहिले आहेस. बेत चांगला आहे. पण आमच्याकडे काय झाले ते आधी वाच.

आमच्याकडे एक लहानशी स्क्रिप्ट सी भाषेतले हेडर, म्हणजे इतर फाइलींनी आत ओढून घ्यायची फाइल, तयार करते आणि बाकीचे कोड ते वापरते. हे अवलंबित्व मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकला कामे सांगणाऱ्या फाइलीत, कोणी नोंदवलेच नव्हते. कामे एकामागून एक होत होती तोवर हेडरचे नाव यादीत वर असल्यामुळे सगळे सुरळीत चाले. आठ कामे एकदम सुटू लागल्यावर मात्र कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, कधी हेडरच्या आधी पोहोचे, कधी नंतर. मग एखादा बिल्ड पडे, पुन्हा चालवला की पास होई, आणि आम्ही सर्व्हरच्या नावाने बोटे मोडून चहाला जात असू.

खरी फजिती पुढेच होती. एका संध्याकाळी डिस्क भरली, स्क्रिप्ट एरर देऊन मध्येच थांबली आणि अर्धे लिहिलेले हेडर जागच्या जागी राहिले. मेक फाइलची वेळ पाहते, आतला मजकूर नव्हे; फाइल ज्यापासून बनते त्यापेक्षा नवी असेल तर ती पुन्हा बनवत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ते लिहिले तेव्हापासून त्याचा हाच हिशेब आहे. साहजिकच डिस्क मोकळी केल्यावरही ते हेडर 'ताजे' ठरले आणि ज्या फाइलींना महिनाभर कोणी हात लावला नव्हता, त्यांत एरर येऊ लागल्या. कारण सापडेपर्यंत रात्रीचे साडेअकरा वाजले. कंट्रोल-सी दाबून थांबवले तर ग्नू मेक (आम्ही वापरतो ती मेकची आवृत्ती) अर्धवट फाइल स्वतः पुसते, पण कमांडच नापास झाली तर पुसत नाही. त्यासाठी मेकफाइलमध्ये 'डॉट डिलीट ऑन एरर' ही एक ओळ लिहावी लागते. ती आम्ही लिहिली नव्हती.

रात्रीच्या बिल्डला मी 'के' हा पर्याय देतो, म्हणजे एक काम पडले तरी त्यावर अवलंबून नसलेली कामे पुढे चालतात आणि सकाळी सगळ्या चुका एकदम दिसतात. दिवसा मात्र पहिल्याच चुकीला थांबलेले बरे. लॉग 'टी'कडे (पडद्यावर दाखवता दाखवता फाइलीतही लिहिणाऱ्या कमांडकडे) पाइप करत असशील तर शेलचा 'पाइपफेल' हा पर्याय लाव, नाहीतर बिल्ड पडूनही शेल 'टी'चा शून्य कोड, म्हणजे 'यशस्वी' असा निकाल, परत करील आणि बिल्ड आपोआप चालवणारे जेनकिन्स हिरवे दिसेल. आपोआप पुन्हा चालवण्याची सवलत मी फक्त नेटवर्कवरून काही उतरवणाऱ्या कामांना देतो. कंपायलेशनला दिली, तर वर सांगितलेली हेडरची चूक वर्षभर लपून राहील.

ग्नू मेक ४.४ पासून 'शफल' नावाचा पर्याय आहे, तो कामांचा क्रम मुद्दाम पिसतो. 'जे ८' लावण्यापूर्वी तो चार-पाच वेळा चालव आणि कुठे अडते ते मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र